निम्म्या वाक्यात

४ मे

खटपटे,

तू पाठवलेला नवा प्रोसेसर मिळाला. बसवला. कॉम्प्युटर बोलायला लागला आणि निम्म्या वाक्यात बंद पडला. हे सगळं एकाच सकाळी झालं, म्हणून हे पत्र हाताने लिहितोय. अक्षर लागलं नाही तर दोष तुझ्या प्रोसेसरचा.

आधी चांगलं सांगतो. जुन्या प्रोसेसरवर मी एक वाक्य टाइप करायचो आणि मशीन ते बोलायच्या आत समोरचा माणूस उठून जायचा. दूधवाला तर माझं 'थांबा' जिन्यात ऐकायचा. आता बोट उचललं की आवाज. माझाच आवाज! ऑपरेशनच्या आधी त्या काचेच्या खोलीत बसून दुपारच्या दुपार वाक्यं वाचली, शब्द वाचले, घसा दुखत असताना वाचले, त्याचं आता चीज झालं असं वाटलं. स्वरयंत्र डॉक्टरांनी काढून नेलं, पण आवाज ह्या डब्यात राहिलाय. तुझी वहिनी आतून धावत आली. मी टाइप केलं, 'कसा वाटतोय?' मशीन म्हणालं, 'कसा वाट' आणि खलास. पडदा काळा.

परत चालू केलं. थोडं बोललं, परत तेच. दुपारपर्यंत माझ्या डोक्याला इतका ताप झाला की बंद करून झाकून ठेवलं.

तू लिहिलेल्या कागदाबरहुकूम मी सगळं केलंय, बोट दाखवायला जागा ठेवलेली नाही. जुना काढला, नवा खाचेत नीट बसवला, कोपऱ्यातला बाण बाणाला जुळवला. त्यावर लेप लावायला तू जी नळी पाठवलीस ती मात्र अगदीच कंजूष निघाली. एवढ्याशा थेंबाने काय चिकटणार? इतकी वर्षं पुस्तकबांधणी शिकवतोय, कडेपर्यंत न पोचलेल्या लेपाचं काय होतं ते मला सांगू नकोस. मी माझी खळ कालवली, चांगली घट्ट, त्यात तुझी नळी पिळली, आणि ब्रशने चारही कडांपर्यंत एकसारखी पसरवली. वर पंखा बसवला आणि तासभर वजन ठेवून दाबला. काम पाहिलंस तर खूश होशील.

आता घाई का आहे ते सांगतो. आमच्या तंत्रशाळेच्या प्राचार्य बाई म्हणाल्या आहेत की सुट्टी संपली की पाच जूनला एक वर्ग घेऊन दाखवा. मशीनने मुलांना शिकवता आलं तर तुमची जागा तुमचीच. नाही आलं तर त्यांचाही नाइलाज आहे. बाई भल्या आहेत, पण नाइलाज म्हटलं की माणसाचा भलेपणा संपतो. वर्गाच्या मध्यावर हे मशीन तोंड मिटून बसलं तर मी मुलांपुढे काय करू, हातवारे?

तुझा पाय कसा आहे? प्लास्टर कधी काढणार? तू येऊ शकली असतीस तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं. फोनवर तू बोलायचं आणि मी टेबलावर टिचक्या मारायच्या, हा खेळ मागच्या वेळी करून पाहिला. आणि तुझी वहिनी माझ्या वतीने फोनवर 'बंद पडलंय हो' याच्या पलीकडे काही सांगत नाही.

लवकर लिही.

दादा


८ मे

दादा,

पत्र वाचून मी कपाळाला हात लावला, आणि हातात कुबडी होती हे विसरले. आता कपाळालाही टेंगूळ आहे.

खळ? दादा, खळ? मी लेप लिहिलं आणि तू खळ वाचलीस? अरे, ते चिकटवायला नसतं! प्रोसेसर चिकटवायचा नसतोच. तो तापतो, त्याचा ताप वरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या ठोकळ्यात जायला हवा, तिथून पंखा तो उडवून लावतो. मध्ये जी बारीकशी फट राहते ती बुजवायला तो वाटाण्याएवढा लेप. तू तिथे पिठाची गादी घातलीस. आतला बिचारा तापून तापून शेवटी जीव वाचवायला स्वतःच बंद होतोय, आणि तू त्याच्यावर वजन ठेवून दाबतोस!

दुकानात माझ्याकडे लोक काय काय घेऊन येतात. कीबोर्डमध्ये चहा, पंख्यात पालीची शेपूट. पण प्रोसेसरची पुस्तकबांधणी करून आजवर कुणी आणली नव्हती. भागीदाराला फोनवर वाचून दाखवलं तर तो दुकानाबाहेर जाऊन हसून आला.

आता मी सांगते तसं कर, आणि ह्यात तुझी अक्कल मिसळू नकोस. वायर भिंतीतून काढ. पंखा सोडव. खळ वाळली असेल, खरवडायची नाही, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या मऊ कापडाने पुसायची, धातू आरशासारखा दिसेपर्यंत. कडेला ओघळ गेला असेल तर तोही. पुरतं वाळू दे. सोबत नवी नळी पाठवतेय. मधोमध वाटाण्याएवढा थेंब. ब्रश नाही, बोट नाही, वजन नाही. पंखा वरून सरळ खाली ठेवायचा आणि त्याचे चार स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे पिळायचे. एक पूर्ण पिळून मग दुसरा, असं केलंस तर एक बाजू उचलली जाते.

मग चालू कर आणि सुरुवातीलाच डिलीटचं बटण दाबत राहा. निळा पडदा येईल, त्यात प्रोसेसरचं तापमान दिसतं. ते साठच्या खाली स्थिर राहिलं तर तुझा प्रोसेसर वाचला. नाही राहिलं तर मला कळव, रडत बसू नकोस.

पाच जूनचं वाचून माझाही जीव टांगणीला लागलाय. प्लास्टर जून संपेपर्यंत आहे. मला इथे पडून राहायची चीड येते. खिडकीतून समोरच्या इमारतीवर वायरी ओढणारी माणसं दिसतात आणि ती चुकीची ओढताहेत, आणि मला सांगता येत नाही.

वहिनीला म्हणावं, दादाला खळीपासून दूर ठेव.

तुझी,
खटपटी


१३ मे

खटपटे,

हसून झालं असेल तर ऐक. पुसलं. आरसा झाला, त्यात मला माझा चेहरा दिसला, तो काही फारसा बघवला नाही. नवा लेप वाटाण्याएवढाच लावला. लावताना हात शिवशिवत होता, पण पसरवला नाही. स्क्रू समोरासमोरचे. निळा पडदा पाहिला. तापमान बेचाळीसला जाऊन बसलं ते हललं नाही.

मग मी सकाळभर त्याला बोलायला लावलं. पानांच्या घड्यांची जुझबंदी, शिलाई, पाठ गोल करणं, पुठ्ठा कापणं, सगळे धडे. समोर कुणी नव्हतं, खुर्चीवर उशी ठेवली होती, तिला शिकवलं. एकदाही अडलं नाही. खरं सांगतो, मला रडू आलं. मी आवाज न करता रडतो, हा एक फायदा आहे.

पण संध्याकाळी पुन्हा तेच. तुझ्या वहिनीला चष्मा कुठे आहे ते विचारत होतो. वाक्य सुरू झालं आणि गेलं. परत चालू केलं, व्यवस्थित सुरू झालं. थोड्या वेळाने पुन्हा काहीतरी सांगायला गेलो, पुन्हा गेलं. दुसऱ्या दिवशीही असंच. दिवसभर ठणठणीत, दिवेलागणीला बंद.

मला आता त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. बसलो तरी कान टवकारलेले, आता जातंय की मग जातंय. जेवताना उठून दोनदा बघून आलो. तुझी वहिनी म्हणाली, 'जाऊ द्या, नका करू शाळेचा हट्ट. आजवर कमी शिकवलंत का?' तिचं म्हणणं चुकीचं नाही. पण माझ्या जागेवर दुसरा माणूस पुठ्ठा उलटा कापायला शिकवील, हे डोळ्यांपुढे आलं की मला बसवत नाही.

प्रोसेसरच सदोष असेल का? दुसरा पाठवतेस?

दादा


१७ मे

दादा,

दुसरा पाठवणार नाही. बेचाळीसवर बसलेला प्रोसेसर सदोष नसतो. तो बिचारा तुझ्या खळीतून जिवंत बाहेर आलाय, त्याच्यावर आता आळ घेऊ नकोस.

सकाळभर चालतं आणि संध्याकाळी बंद पडतं, म्हणजे संध्याकाळी काहीतरी वेगळं होतं. मशीनला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. काय वेगळं होतं ते तू शोध. मी इथून तीन गोष्टींवर संशय घेते. पहिली, आतला वीज पुरवणारा डबा. नवा प्रोसेसर जास्त वीज ओढतो, जुना डबा कधीकधी धापा टाकतो. दुसरी, मेमरीची पट्टी, ती काढून रबराने पुसून परत बसव. तिसरी, भिंतीतलं सॉकेट. संध्याकाळी घरात मिक्सर, इस्त्री, पंप, काय काय चालू असतं, त्याकडे लक्ष दे.

आणि एक नीट बघून सांग, ह्यावर सगळं आहे. मशीन बंद पडतं तेव्हा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातला छोटा दिवा बघ. कॉम्प्युटर स्वतःहून बंद झाला तर पडदा काळा होतो पण तो दिवा पिवळा होऊन जागा राहतो, कारण पडद्याला वीज वेगळी मिळते. तो दिवाही गेला, स्पीकरचाही गेला, तर मशीनचा काही दोष नाही. मग वीजच गेलीय.

'बंद पडलं' असं मोघम लिहू नकोस. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणतं. बंद पडलं म्हणजे अडकलं, की विझलं, की परत आपोआप चालू झालं, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खटपटी


२१ मे

खटपटे,

पट्टी रबराने पुसली. काही फरक नाही.

दिवा पाहिला. पडद्याचाही जातो, स्पीकरचाही जातो. खोलीतला दिवा आणि पंखा मात्र चालू राहतात. म्हणजे घराची वीज जात नाही, फक्त ह्याची जाते.

बाहेरच्या खोलीत सॉकेट एकच, तिथे टेबलाचा दिवा आहे. म्हणून कॉम्प्युटरची वायर आपण भिंतीच्या भोकातून पलीकडे नेली होती, आठवत असेल तुला, तूच भोक पाडलंस आणि तुझ्या वहिनीने तुला त्यावरून आठवडाभर बोलणी दिली. तर तो बोर्ड स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला आहे. वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला, बंद केला, बटण खालीवर करून बघितलं, म्हणाला, उत्तम आहे. मिक्सर लावून पाहिला, काही झालं नाही.

मला वाटतं, आता शोधत बसण्यात अर्थ नाही. प्राचार्य बाईंना कळवून टाकावं असा विचार आहे. तसं पत्र लिहून ठेवलंय, टाकलं नाही. तू फार खटपट केलीस. पाय सांभाळ.

दादा


२४ मे

वहिनी,

हे पत्र तुला एकटीला. दादाच्या पत्रात घातलं नाही, वेगळं पाठवलंय, त्यावरून तुला कळलंच असेल की मी काहीतरी खोदायला आलेय. पूर्वी भिंत खोदली होती, आता तुझं मन.

आडपडदा न ठेवता विचारते. दादाच्या मशीनची वीज तुझ्या ओट्यापाशी जाते. बोर्ड चांगला आहे, वायर चांगली आहे, मशीन चांगलं आहे. मग ती रोज संध्याकाळी कोण घालवतं?

मी तुला दोष देत नाहीये. तू नाही म्हणालीस तर मी 'नाही' धरून चालेन आणि नवा बोर्ड पाठवीन. पण दादाने मागच्या पत्रात शाळेला नकार कळवायचं लिहिलंय. माझा दादा हार मानून मला 'पाय सांभाळ' म्हणतो! त्याने आजवर मला पाय सांभाळायला सांगितलं ते फक्त मी त्याच्या पुठ्ठ्यावर पाय ठेवला तेव्हा. मला इथे झोपून अन्न गोड लागत नाहीये.

तुला त्याने शाळेत जाऊ नये असं वाटतं का? थकेल, हसतील पोरं, अशी भीती आहे का? की त्या आवाजाचा त्रास होतो? काय असेल ते लिही. मी कॉम्प्युटर दुरुस्त करते, माणसांना बोलणी देत नाही. म्हणजे देते, पण तुला नाही देणार.

तुझी,
खटपटी


२८ मे

वन्सं,

मीच बंद करते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं, एरवी कुणाच्या बापाला सांगितलं नसतं.

शाळेचं म्हणाल तर त्यांनी खुशाल जावं. मी 'नका करू हट्ट' म्हटलं ते त्यांची तगमग बघवत नव्हती म्हणून. पोरं हसतील तर हसोत, हे स्वतः कमी का हसवतात पोरांना? मशीनने धडे बोलून दाखवले त्या सकाळी मी आत भाजी चिरत ऐकत होते. चांगलं शिकवतात हो. इतकी वर्षं मला वाटायचं की नुसते खेकसत असतील.

मला त्रास होतो तो एका शब्दाचा. तुम्ही हसाल.

लग्न झाल्यापासून ह्यांनी मला नावाने हाक मारलेली नाही. 'अगं' म्हणतात. बस. चष्मा सापडेना झाला की त्याचा एक 'अगं', दारात पाहुणे आले की खालच्या आवाजातला एक, चहात साखर विसरले की एक लांबलचक. भांडण झाल्यावर आधी माघार घ्यायची असली की नुसताच 'अगं', पुढे काही नाहीच, मी जाऊन उभी राहायची. मी कणीक मळता मळता नुसत्या त्या एका शब्दावरून ओळखायचे की काय घेऊन बाहेर जायचं.

मशीनमध्ये एकच 'अगं' आहे. त्या काचेच्या खोलीत, कानाला यंत्र लावून बसलेल्या परक्या माणसासमोर म्हटलेला. लाजून म्हटलेला आहे, मला ऐकल्याबरोबर कळलं. आता चष्म्यालाही तोच, पाहुण्यांनाही तोच. पण आवाज ह्यांचा ना! बाहेरून आला की हातातलं तसंच टाकते. वाटतं, आले. बोलले. धावत बाहेर जाते तर हे पडद्याकडे बघत बसलेले, तोंड मिटलेलं, बोट बटणावर. वन्सं, रोज संध्याकाळी मला तेच पुन्हा कळतं की ऑपरेशन झालंय.

आणि दुसरं सांगते. ऑपरेशननंतर मशीन एवढं मठ्ठ होतं की हे त्याच्या नादी लागायचे नाहीत. काही हवं असलं की उठून यायचे, स्वयंपाकघराच्या चौकटीवर टिचकी मारायचे आणि उभे राहायचे. मी बघायचे. तोंडाकडे बघून मला कळायचं काय ते, जसं पूर्वी 'अगं'वरून कळायचं तसंच. कधीकधी काहीच नको असायचं, नुसतेच येऊन उभे राहायचे. तुमचा नवा प्रोसेसर आला आणि ह्यांचं उठणं बंद झालं. आता बाहेरूनच हुकूम सुटतात.

मी बटण बंद करून लगेच परत चालू केलं की ते उठून येतात. बोर्ड बघायला येतात, पण येतात.

एवढंच आहे. ह्यांना सांगू नका. सांगितलंत तर मी पुढच्या वेळी तुमच्यासाठी भिंतीतलं भोक बुजवून ठेवीन.

वहिनी


३१ मे

दादा,

दोष सापडला. प्राचार्य बाईंना लिहिलेलं ते पत्र आधी फाड आणि मग पुढचं वाच.

तुझं मशीन एका शब्दावर बंद पडतं. 'अगं' ह्या शब्दावर. तुझ्या आवाजाच्या साठ्यात प्रत्येक शब्दाची वेगळी फाइल आहे, त्यातली ही एक खराब आहे. ती वाजली की सगळ्याच विजेचा घोटाळा होतो. असं होतं कधीकधी. नव्या प्रोसेसरवर जास्त होतं. कारण समजावायला गेले तर पानं भरतील आणि तुला कळायचं नाही, तेव्हा विचारू नकोस.

उपाय सोपा आहे. ती फाइल काढून टाक. वर्गात तुला 'अगं' लागत नाही, तिथे 'अरे' चालतं. बाकीचा सगळा आवाज शाबूत आहे, बिनधास्त शाळेत जा, निम्म्या वाक्यात काही होणार नाही, माझी हमी. घरी वहिनीला हाक मारायची झाली तर खुर्चीवरून ऊठ आणि आत जा. पाय तुझे धड आहेत, मोडलाय तो माझा.

पाच तारीख झाली की लगेच लिही. मी दाराकडे डोळे लावून बसणार आहे, दुसरं काही करताही येत नाही.

खटपटी


७ जून

खटपटे,

एका शब्दावर भिंतीतली वीज जाते, हे तुझ्या गिऱ्हाइकांनी ऐकलं तर तुला दुकानाची पाटी उतरवावी लागेल. तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणीही येत नव्हतं.

आता माझं ऐक. माझा घसा काढलाय, कान नाहीत काढले. बटणाचा आवाज मला पहिल्या संध्याकाळपासून ऐकू येत होता. 'खट्', आणि मग पडदा काळा. वायरमनला बोलावलं तेही सोंगच. मला ठाऊक होतं कोण करतंय, का ते ठाऊक नव्हतं. मला वाटलं, तिला माझा हा आवाजच सोसत नाही. मेलेल्या माणसाचा आवाज घरात वाजवतोय असं तिला वाटत असेल. मग तो घेऊन शाळेत कशाला मिरवायचा? तिला विचारायचं तर विचारणार त्याच आवाजात. म्हणून तुला पत्रामागून पत्र टाकत राहिलो. वाटत होतं, तू काहीतरी खोट काढशील, डब्यात, पट्टीत, कुठेतरी. खोट मशीनची निघाली असती तर मी सुटलो असतो.

तुझं पत्र आलं आणि कळलं की सगळा आवाज नाही, एकच शब्द. तेवढ्याने मला इतकं हलकं वाटलं की मी घरात येरझाऱ्या घालायला लागलो. शाळेचं पत्र फाडलं.

वर्ग झाला. शिपायाने मशीन ढकलगाडीवरून नेलं, जिन्यात आपटलं, मी मनातल्या मनात त्याला जे काही बोललो ते बरं झालं मनातच राहिलं. पोरं आधी मशीनकडे बघत होती, मग माझ्या हातांकडे बघायला लागली. मधल्या बाकावरच्या एका मुलीला शिलाईची गाठ कळली नाही, तिने परत सांगा म्हटलं. मी बटण दाबलं. तेच वाक्य, त्याच आवाजात, तितक्याच शांतपणे. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा न खेकसता सांगितली. तास संपेपर्यंत मशीन अडलं नाही. प्राचार्य बाई मागे उभ्या होत्या, जाताना म्हणाल्या, 'उद्यापासून वेळेवर या.' एवढंच म्हणाल्या, आणि मला तेवढंच हवं होतं.

आता तुझ्या उपायाचं. तो राहिला होता. काल संध्याकाळी बसलो, ती फाइल शोधली आणि काढायला लावली. मशीनने विचारलं, कायमची काढायची का. माझं बोट पुढे जाईना. उठलो, स्वयंपाकघराच्या चौकटीवर टिचकी मारली. ती ओट्यापाशी होती, वळली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात पुसत बाहेर आली.

मी तिला पडदा दाखवला. तिने चष्मा लावून वाचलं. बोर्डाचं, बटणाचं ती काही बोलली नाही, मीही विषय काढला नाही. मला वाटलं, आता खूश होईल.

'एकदा काढला की परत म्हणता येणार नाही ना तुम्हाला?' तिने विचारलं.

मी 'नाही' अशी मान हलवली.

'मग राहू द्या,' ती म्हणाली. 'तुमच्यामागे मला लागेल.'

आणि गॅसवर दूध आहे म्हणून आत निघून गेली.  मग मशीन माझ्या हाताने बंद केलं आणि आत गेलो.

दादा